सुगरा मास्तरीण आणि तिचा अलहाज भाऊ

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात लतीफ नाखवा सौदीहून कायमचा परत आला, तेव्हा कल्याणच्या रेतीबंदराजवळच्या त्या अरुंद गल्लीत त्याचं सामान उतरवायला दोन टेम्पो लागले. टेपरेकॉर्डर आला, मिक्सर आला, चेन लावलेल्या पिशव्यांतून फुलाफुलांची जाडजूड ब्लँकेटं आली. कल्याणच्या उकाड्यात ती ब्लँकेटं कुणाच्या उरावर घालायची होती ते खुदाच जाणे. आणि या सगळ्या सामानाबरोबर लतीफचा नवा धर्म आला.

'नवा' हा शब्द सुगराचा. सुगरा त्याची थोरली बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. सगळा मोहल्ला तिला सुगरा मास्तरीण म्हणायचा आणि तिच्या जिभेला वचकून असायचा. टेम्पोवाल्याला वाटेला लावून लतीफ तिच्या दारात उभा राहिला. अंगात घोट्यापर्यंतचा पांढरा झगा, दाढी छातीवर.

"अस्सलामु अलैकुम, आपा."

"वालेकुम सलाम. आपा कोण?"

"तू. बडी बहन को आपा बोलते हैं."

"कालपरवापर्यंत बुबू म्हणायचास ना रे मला?"

"ते गावठी वाटतं. आपल्या लोकांची जबान उर्दू आहे, आपा."

"असं? मग तू रडायचास तेव्हा मां तुला 'उगी उगी' म्हणून थोपटायची, ती काय परकी होती?" सुगरा म्हणाली. "आत ये. चप्पल बाहेर काढ. आणि तो झगा जरा वर धर, दारात मावरं धुतलेलं पाणी आहे."

लतीफ झगा धरून आत आला. दम्मामला तो एका तेलकंपनीच्या गोदामात खोकी मोजायचा. पण गल्लीत त्याने असं काही पाऊल टाकलं, की जणू थेट पैगंबरांच्या शेजारघरातून निघून आलाय.

सुगराला या बदलाचं आश्चर्य वाटलं नाही, कारण नाखवांच्या घरात हे दुसऱ्यांदा घडत होतं. तिचे आजोबा बंदरावरचे गलबतवाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी सरकारला गलबतं पुरवली आणि सरकारने त्यांना 'खानसाहेब' केलं. किताबाचा कागद काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगला गेला. ठाण्याला कलेक्टरच्या भेटीला जाताना आजोबा तुर्की टोपी चढवायचे, घरी येऊन ती उतरवायचे आणि डोकं खाजवत कोळीवाड्यातल्या मनुबाईच्या सासऱ्याबरोबर खाडीतल्या गाळावर बोलत बसायचे. तिच्या बापाने बेचाळीस साली तो कागद उतरवला, काच खिडकीला बसवली आणि स्वतः गांधीटोपी घातली. सगळा मोहल्ला आपल्या पोरांना उर्दू शाळेत घालत होता. बापाने मात्र सुगराला मराठी शाळेत घातली, उर्दू घरीच शिकवलं. "ज्या बाजारात मीठ घ्यायचं त्या बाजाराची भाषा यायला हवी," एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. बाप माणूस भला, पण सुगराच्या मते त्याचीही टोपी कुणीतरी दुसऱ्यानेच शिवलेली.

विसाव्या वर्षी सुगराचं लग्न झालं. नवरा मोंबासाला जहाजकंपनीत. तीन वर्षांत तो दोनदा आला, तिसऱ्यांदा तिच्या माहेरी त्याचं पत्र आलं. पत्रात उर्दूत एकच शब्द तीन वेळा लिहिला होता आणि तिन्ही वेळा चुकीच्या अक्षरांनी. अरबीतून आलेला तो शब्द लिहिताना 'त' कुठला आणि 'क' कुठला हेही त्या गृहस्थाला ठाऊक नव्हतं. सुगराने दिवसभर काही खाल्लं नाही. संध्याकाळी उठली, लाल पेन्सिल घेतली, तिन्ही चुकांना गोल केले, बाजूला शुद्ध शब्द लिहिला आणि पत्र उलट टपाली मोंबासाला पाठवून दिलं. मोहल्ल्यातल्या बायका ही गोष्ट पुढे वीस वर्षं सांगत होत्या. त्या रात्री ती किती रडली ते मात्र कुणी सांगत नसे, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं.

बाप तिला ठाण्याला वकिलाकडे घेऊन गेला. वकील चित्पावन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं आणि बोट फिरवत सांगितलं, "नाखवा, तुमच्या धर्मशास्त्राप्रमाणे हा तलाक वैध आहे." तेवीस वर्षांच्या सुगराने मान तिरपी करून पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचलं. लिहिणारा पारशी. आत उतारे कलकत्त्याच्या आणि अलाहाबादच्या गोऱ्या न्यायाधीशांचे. वाचून दाखवणारा बामण. "एवढ्या सगळ्यांत," ती पुढे म्हणायची, "मुसलमान मी एकटीच, आणि मला कुणी काही विचारलंच नाही." परतताना तिने बापाला सांगितलं, मला ट्रेनिंग कॉलेजात घाला. बापाने घातलं.

तर असल्या घरात लतीफचा झगा आला. तळमजल्याच्या दोन खोल्या सुगराच्या, वरचा मजला लतीफचा. त्याची बायको रुकय्या शीळफाट्यापलीकडच्या गावची, गोरीपान, मुकाट. नवरा परदेशात असताना दहा वर्षं तिने सासूची सेवा केली, दोन मुलं वाढवली आणि सुगराच्या हिशेबी त्या सगळ्या काळात चार वाक्यं बोलली. सुगरा तिला मनातल्या मनात चिनीमातीची बाहुली म्हणायची. आता बाहुलीवर काळं कापड चढलं. नाखवांच्या घरात बुरखा पूर्वीही होता, पण पांढऱ्या चादरीसारखा, बाजाराला जाताना ओढायचा आणि कोळणीशी भाव करताना मागे सारायचा. हा दम्मामचा, नखशिखान्त.

"हे कुठल्या कुराणात लिहिलंय?" सुगराने विचारलं.

"आपा, तू इंग्रजांच्या कॉलेजात शिकलीस, तुला नाही कळणार."

"कळतंय की. आजोबांना इंग्रजाने खानसाहेब केलं, तुला अरबाने हज घडवून अलहाज केलं. आपल्या घरात स्वतःहून कुणी काही झालंच नाही."

लतीफ तेवढा मूर्ख नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "आणि तुला गं? तुला कुणी केलं? ट्रेनिंग कॉलेजच्या मडमेनेच ना?"

वाक्य बरं होतं, आणि बऱ्या वाक्याला उगाच तोंड देऊ नये हे ती मुलांनाही शिकवायची.

वर्षभरात लतीफने घराण्याचं मूळ शोधून काढलं. कुणा मालेगावच्या शायराने त्याला वंशावळ करून दिली, हिरव्या शाईत, वर चंद्रकोर. नाखवा म्हणजे नाखुदा, नाखुदा म्हणजे बसऱ्याचे अरब खलाशी. शेजारच्या कोळीवाड्यातली मनुबाई सकाळी मावरं घेऊन आली तेव्हा सुगराने तिला ती वंशावळ वाचून दाखवली. मनुबाईचं माहेरही नाखव्यांचंच. तिचा भाऊ दामाजी नाखवा पिढ्यान्‌पिढ्यांचा होडीवाला.

"म्हंजी आमचा दामा पन अरबच की गो!" मनुबाई टोपलीवर हात मारून हसली. "त्याला पन शिवून दे एक झगा. होरीत चरताना पाय अरकून परंल मेला."

दोघी हसल्या. वर, जिन्याच्या दारामागेही कुणीतरी हसल्यासारखं सुगराला वाटलं. पण रुकय्या हसते हे तिला खरं वाटेना, म्हणून तिने ते मनातून काढून टाकलं.

मग ते शहाऐंशीचं साल आलं. एका म्हाताऱ्या तलाकपीडित बाईला कोर्टाने आदल्या वर्षी पोटगी दिली होती आणि देशभर आग लागली होती. कल्याणात मोर्चा निघाला, त्यात लतीफ पहिल्या रांगेत. 'शरियत में दखल बर्दाश्त नहीं' असा फलक धरून तो स्वतःच्याच घरावरून गेला. खिडकीत सुगरा उभी होती. त्याच खिडकीत, जिच्या गजाआड बसून तिने ते पत्र वाचलं होतं. लतीफने खिडकीकडे पाहिलं आणि फलक जरा तिरपा धरला.

रात्री जेवताना ती म्हणाली, "कुठली शरियत रे? ती ठाण्याच्या वकिलाच्या कपाटातली? ती पारशाने लिहिलीय. मोर्चा काढायचा तर त्याच्या नातवांकडे काढा, रॉयल्टी तरी मिळेल."

"तुझं दुःख वेगळं आहे, आपा."

"माझं दुःख अगदी तेच आहे. म्हणूनच तू फलक तिरपा धरलास."

सुगराचा तिरस्कार एकाच घरापुरता होता असं कुणी समजू नये. त्याच वर्षी डोंबिवलीहून सुमती आली. ट्रेनिंग कॉलेजची जुनी मैत्रीण, नवरा बँकेत, टिळकनगरात फ्लॅट. तिच्या महिला मंडळाने 'मुस्लिम स्त्रीचे प्रश्न' असं व्याख्यान ठरवलं होतं आणि वक्ता म्हणून एक मुस्लिम स्त्री हवी होती. सुगरा गेली. सभागृह भरलेलं, अत्तरदाणी, गुलाबाचं फूल. व्याख्यानाआधी एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "अहो, किती शुद्ध मराठी बोलता तुम्ही!"

"तुम्हीही बरं बोलता," सुगरा म्हणाली.

तिने मोंबासाच्या पत्राची गोष्ट सांगितली. टाळ्या झाल्या. मुल्लामौलवींना चार शब्द सुनावले, आणखी मोठ्या टाळ्या. मग ती म्हणाली, "तुमच्या पणज्यांचं केशवपन इंग्रजाच्या राज्यात चालूच होतं, तेव्हा तुमचे पणजोबाही म्हणत होते, आमच्या धर्मात दखल नको. आमचा लतीफ तेच म्हणतो. शंभर वर्षं उशिरा म्हणतो एवढंच. आणि आणखी एक. माझी बदली डोंबिवलीला होणार होती, तेव्हा मी इथे खोली बघायला आले होते. सात घरं पाहिली. माझं मराठी सातही ठिकाणी शुद्धच होतं." या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. आभारप्रदर्शन चटकन उरकलं, श्रीफळ हातात पडलं. स्टेशनपर्यंत सुमती बरोबर आली, पण वाटभर तिच्या मुलाच्या परीक्षेबद्दल बोलत राहिली. त्यानंतर दिवाळीला ती फराळाचा डबा पाठवी, स्वतः येत नसे.

पुढच्या वर्षांत लतीफ फुगत गेला. मशिदीच्या कमिटीत गेला, कर्णे लावले, मग कमिटीचा अध्यक्ष झाला. ब्याण्णवच्या डिसेंबरात गावात नाक्यानाक्यावर पोलीस उभे राहिले, दुकानं बंद, दूधनाका ओस. ज्याने वर्षभर माइकवरून 'सर कटा सकते हैं' असं सांगितलं होतं त्या लतीफला ऐन त्या आठवड्यात दम्मामला तातडीचं काम निघालं. डोकं तो सोबत घेऊन गेला. मागे उरल्या दोन बायका आणि दोन मुलं. पहाटे मनुबाई मागच्या दाराने यायची, पदराखाली बोंबील आणि तांदळाची पुरचुंडी. तिच्या कोळीवाड्यातही पोरं रात्रभर काठ्या घेऊन बसलेली असायची, त्यांचीही तिला चीड. "पारावर बसून मिशीला पीळ देतान. मावरं आनाला सांगला त कंबर दुखते मेल्यांची," ती म्हणायची. लतीफ एप्रिलात परतला आणि 'कौम की कुर्बानी' या विषयावर त्याने दीड तास भाषण केलं.

कित्येक वर्षं प्रशासकाच्या हाती असलेल्या महापालिकेची पंच्याण्णव साली निवडणूक लागली. लतीफने सहा महिने आधीपासून पोस्टर छापली होती. आणि सोडत निघाली तेव्हा बंदराचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला.

ही बातमी सुगराला मनुबाईने दिली. सुगरा इतकी हसली की तिला बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी लतीफ खाली उतरला. हातात खजूर, मक्केच्या झमझमच्या पाण्याची बाटली. आणि कितीतरी वर्षांनी तोंडात जुनं नाव.

"बुबू."

"बोल. कोण मेलंय?"

"तू उभी राहा. कोळीवाडा तुला मानतो, आपले लोक मानतात. अर्धा वॉर्ड तुझ्या हाताखालून शिकलाय. काम मी बघेन. तू फक्त सही करायची."

"बाईच्या हाती कारभार गेला की कौम बुडते, असं गेल्याच जुम्याला कर्ण्यातून ऐकलं मी. की कानात मळ होता माझ्या?"

"मौलानांशी बोललोय. मजबूरी असेल तर इजाजत आहे."

"मजबूरी!" सुगरा म्हणाली. "मला तीन शब्दांत टाकून दिलं तेव्हा मौलानांना मजबूरी सापडली नाही. तुला खुर्ची हवी झाली तशी लगेच सापडली. जा लतीफ. मी मुलांच्या वह्यांवर सह्या करते, तुझ्या कागदांवर नाही करणार. आणि ते खजूर घेऊन जा, मला मधुमेह आहे."

मग लतीफने रुकय्याला उभं केलं. पोस्टरवर लतीफचा झग्यातला फोटो, हात उंचावलेला, आणि खाली बारक्या अक्षरात 'यांच्या पत्नी'. रुकय्याचा फोटो नव्हता. तिच्या नावाशेजारी निशाणी होती, पतंग. "बाईपेक्षा पतंगाला चेहरा आहे," सुगरा म्हणाली आणि त्या निवडणुकीकडे पाठ फिरवली.

म्हणून तिच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. लतीफ चौकाचौकांत भाषणं ठोकत होता, तेव्हा रुकय्या मनुबाईला बरोबर घेऊन घरोघर जात होती. मोहल्ल्यात जिथे परका पुरुष उंबरा ओलांडू शकत नव्हता तिथे ती थेट चुलीपाशी बसायची. कोळीवाड्यात नकाब वर सारून सुकट निवडू लागायची. बाळंतपणाला बायकांना आंबिवलीपर्यंत, नाहीतर उल्हासनगरला न्यावं लागतं, मनुबाईची सून शेवंती रिक्षातच मोकळी झाली आणि मूल गेलं, हे तिने अशाच एका घरात बसून ऐकलं. रुकय्या एकशे बारा मतांनी निवडून आली. मिरवणुकीत हार लतीफच्या गळ्यात पडले.

महिनाभराने एका दुपारी ती सुगराच्या दारात आली. हातात महासभेची विषयपत्रिका.

"बुबू, मना हे वाचायला शिकवा."

सुगरा वह्या तपासत होती. तिने वर न पाहता विचारलं, "का? वाचणारा आहे की घरात."

"तो वाचतो तेवढंच मला सांगतो."

"चाळिशी उलटल्यावर ग म भ न? इतकी वर्षं काय करत होतीस?"

रुकय्या उभीच होती. तिने नकाब मागे टाकला. "तुमच्या जिन्यावर राहत होते," ती म्हणाली. "वीस वर्षं. तुम्ही मास्तरीण. कोळणींच्या पोरी शिकवल्यात, भंगारवाल्याची पोरगी शिकवलीत. मां आजारी होती तेव्हा तिची दवा मी रंग बघून ओळखून द्यायची, बाटलीवरचं नाव वाचता यायचं नाही म्हणून. तुम्ही एकदा तरी विचारलंत, रुकय्या, तुला वाचता येतं काय?"

सुगराच्या हातातली लाल पेन्सिल वहीवरच थांबली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या चुकांना गोल केले होते. ही चूक जिन्यातून रोज वरखाली करत होती आणि तिला दिसली नव्हती. तिने उठून पाट मांडला. "बस," ती म्हणाली. पाटावरची धूळ पदराने पुसली आणि पुन्हा म्हणाली, "बस गं."

तीन महिने रोज दुपारी शिकवणी चालली. रुकय्याला उर्दू चौथीपर्यंत येत होतं, अक्कल तर भरपूर होती. जोडाक्षरांशी मात्र तिचं वैर. 'प्रसूतिगृह' या शब्दावर ती चार दिवस अडून राहिली आणि पाचव्या दिवशी तो तिने असा म्हटला, जसा कोळ्याने जाळ्यातला मोठा मासा ओढावा. एकदा सुगराच्याने राहवेना. ती म्हणाली, "आता निवडून आलीस, शिकलीस. तो काळा तंबू तरी टाक की."

रुकय्या म्हणाली, "ते म्हणतात घाल, तुम्ही म्हणता टाक. सगळ्यांना बोलायचंय ते माझ्या डोक्यावरच. डोक्यात काय आहे ते कुणी विचारत नाय." आणि पुढचा धडा उघडला. तो प्रश्न त्या दोघींत शेवटपर्यंत सुटला नाही. सुगराला बुरखा कधीच आवडला नाही आणि रुकय्याने तो कधी सोडला नाही.

बंदराच्या तोंडाशी पालिकेचा एक भूखंड होता. नकाशात त्यावर प्रसूतिगृहाचं आरक्षण होतं आणि प्रत्यक्षात उकिरडा. या भूखंडावर दोघांचा डोळा. एक लतीफ, दुसरा विश्राम भोईर. हा विश्राम समोरच्या पक्षाचा, कपाळाला टिळा, दर सभेत लतीफच्या कौमला पाकिस्तानचा रस्ता दाखवणारा. लतीफही त्याला जालिम म्हणायचा. असे हे दोन हाडवैरी एका शुक्रवारी लतीफच्या माडीवर बसून बिर्याणी जेवले. ठरलं असं: आरक्षण उठवायचं, अर्ध्या जागेवर कौमसाठी शादीखाना, खाली गाळे. अर्ध्या जागेवर व्यायामशाळा, खाली गाळे. धर्म वर, गाळे खाली. ठरावाची सूचक रुकय्या, अनुमोदक विश्रामची नगरसेविका भावजय. दोघींनाही विचारायची गरज नव्हती. रुकय्याची सही लतीफने वर बसल्या बसल्या ठोकली, इंग्रजीत, खाली झोकदार रेघ मारून.

बिर्याणी वाढणारी रुकय्याच होती. तिने सगळं ऐकलं.

महासभेच्या दिवशी सुगराने रजा टाकली आणि प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी मनुबाई, पायाशी रिकामी टोपली. लतीफही होता, पुढच्या बाकावर, मान ताठ. ठराव वाचला गेला. महापौर पुढच्या विषयाकडे वळणार, एवढ्यात काळ्या बुरख्यातली एक बाई उभी राहिली. सभागृहाला वाटलं, पाणी प्यायला चालली.

"ही सही माझी नाय," रुकय्या म्हणाली. आवाज बारीक होता, पण माइक चालू होता. "मी मराठीत सही करते. हवी तर इथं करून दाखवते. ही इंग्रजीतली कुणाची ते त्यांनाच विचारा." मग तिने आपला कागद उघडला आणि बोट ठेवून, अडखळत, एकेक शब्द वाचला. "सदर भूखंड प्रसू... प्रसूतिगृहासाठीच राहावा, अशी माझी सूचना आहे."

गोंधळ उडाला. विश्राम ओरडला, लतीफला बाहेर काढलं गेलं, ठराव तहकूब झाला. गंमत अशी की विश्रामच्या भावजयीनेही हळूच हात वर केला आणि म्हणाली, मलाही कुणी विचारलेलं नाही.

संध्याकाळी घरात आकाश कोसळलं. लतीफ जिन्याच्या मध्यावर उभा होता, रुकय्या वरच्या पायरीवर, सुगरा खाली. गल्ली दारात जमलेली.

"मेरी इज्जत नीलाम केलीस," तो ओरडला. "मी तुला आत्ता, सगळ्यांसमोर..." आणि त्याने तो शब्द एकदा उच्चारला.

सुगराला मोंबासाचं पत्र दिसलं. पस्तीस वर्षं मध्ये गेली होती आणि जणू एकही गेली नव्हती. रुकय्या मात्र कठडा धरून खाली बघत होती. तिने शांतपणे विचारलं, "पुढं?"

लतीफने तोंड उघडलं. आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, त्याच्या चेहऱ्यावर हिशेब उमटू लागला. बायको गेली की वॉर्ड गेला. वॉर्ड बायकोच्या नावावर. साडेचार वर्षं बाकी. तिच्याशिवाय पालिकेत त्याला शिपाईही ओळखणार नव्हता. तो तसाच उभा राहिला, तोंड उघडं, दाढी हलतेय, शब्द येत नाही.

"बोल की," सुगरा खालून म्हणाली. "ज्याच्यासाठी फलक धरून हिंडलास, खुदाचा कायदा म्हणालास, तो वापर. अरे, माझ्या नवऱ्याला लिहिता येत नव्हतं तरी तीनदा लिहून मोकळा झाला. तुला बोलतासुद्धा येईना?"

लतीफ वळला, जिना चढला, रुकय्याच्या अंगाला अंग लागू न देता आत गेला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने मौलानांकडून विचारून आणलं, की रागाच्या भरात एकदा उच्चारलेला तलाक इद्दतीच्या तीन महिन्यांच्या आत मागे घेता येतो. सुगरा म्हणाली, हेच पूर्वी माहीत असतं तर बऱ्याच बायकांच्या कामाला आलं असतं.

प्रसूतिगृह उभं राहिलं, पण अठ्ठ्याण्णवात, आणि ठरलं होतं त्याच्या निम्मं. आठ खाटा, एक नर्स, डॉक्टर आठवड्यातून तीनदा. दगडी पाटीवर 'अलहाज लतीफ नाखवा यांच्या अथक प्रयत्नांतून' असं कोरलेलं होतं. विश्राम भोईरचंही नाव होतं. रुकय्याचं नव्हतं. उद्‌घाटनाला ती दुसऱ्या रांगेत, मनुबाई आणि शेवंतीच्या मध्ये बसली होती. शेवंती दुसऱ्यांदा पोटुशी होती आणि त्याच पावसाळ्यात तिथेच तिला मुलगी झाली. पुढच्या निवडणुकीत रुकय्याला तिकीट मिळणार नाही हे तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.

सुगरा निवृत्त झाली तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शस्त्रक्रियेला ती तयार होईना, डॉक्टरांवरही तिचा विश्वास नव्हता. मग रुकय्या रोज सकाळी खाली येऊन तिला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली. ती अजूनही जोडाक्षरांना अडखळायची आणि सुगरा अजूनही खेकसायची. लतीफच्या भाषणाची बातमी आली की रुकय्या विचारायची, "वाचू काय?"

"वाच," सुगरा म्हणायची. "सगळं वाच. आणि सावकाश वाच, मला नीट हसायचंय."